गल्लीतल्या बागेचा इतिहास कसा शोधायचा? (माहीम-दादर) कोनशिलेवरच्या सालावर विश्वास बसत नाही

पारिजात_दादर

शिवाजी पार्कपासून पायी दहा मिनिटांवर, माहीमच्या अंगाला, आमच्या गल्लीत पालिकेची एक लहानशी बाग आहे. घसरगुंडी, दोन झोपाळे, मध्ये कोरडं पडलेलं कारंजं, कडेला पाच ताड. दारात कोनशिला आहे, तिच्यावर १९९४ साल. सोसायटीतले ज्येष्ठ मात्र छातीठोक सांगतात की बाग त्याच्या कितीतरी आधीची आहे आणि तिचं नावही वेगळं होतं. त्याआधी इथे काय होतं यावर दोन पक्ष आहेत : तळं आणि माडांची वाडी.

बागेत एक माहितीफलक लावायचा विचार आहे. त्यावर ऐकीव मजकूर नको. सुरुवात कुठून करायची? कोणत्या कार्यालयात, काय मागायचं, अर्जात शब्द कोणते? आणि तळं की वाडी हे आज कळू शकतं का?

---

दफ्तरदार

आधी एक गाठ सोडवून घ्या. बागेचा इतिहास असा एक नसतो, तीन असतात : जमिनीचा, बाग म्हणून वापराचा आणि नावाचा. तिन्हींची कागदपत्रं तीन वेगळ्या ठिकाणी असतात आणि तिन्हींची सालं जुळतीलच असं नाही. "बाग कधी झाली?" म्हणून विचारत फिरलात तर प्रत्येक जण आपल्या रकान्यातली तारीख सांगेल.

तुमच्या शेजारचंच उदाहरण घ्या. शिवाजी पार्क मैदान म्हणून १९२५ चं, तेव्हा नाव माहीम पार्क. शिवाजी पार्क हे नाव १९२७ चं, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने. अश्वारूढ पुतळा १९६६ चा. एकाच जागेची ही तीन सालं, तिन्ही बरोबर. त्यातलं १९२७ नीट बघा. महाराजांच्या जन्माला तीनशे वर्षं झाली म्हणून ते नामकरण झालं, कारण तेव्हा जन्मसाल १६२७ धरण्याचा प्रघात होता. आज मान्य असलेली तारीख १९ फेब्रुवारी १६३०. म्हणजे नामकरणाच्या सालातच त्या काळची समजूत गोठून राहिली आहे.

कोनशिला हा सर्वात कच्चा पुरावा. दगडावर भूमिपूजन असतं, उद्घाटन असतं किंवा नूतनीकरण असतं, आणि नूतनीकरणाच्या दगडावर तो शब्द पुष्कळदा नसतोच. तुमचं १९९४ बहुधा तसलंच. नवीन दगड बसवताना जुना काढून फेकतात किंवा उलटा करून पायरीला लावतात. गेटच्या आजूबाजूच्या पायऱ्या आणि चबुतऱ्याची मागची बाजू बघून घ्या. पुसट अक्षरं वाचायची तर अंधार पडल्यावर जा आणि टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून आडवा धरा, खोदकामात सावली पडते आणि अक्षरं उठतात. खडू चोळू नका, ॲसिडने तर अजिबात धुऊ नका.

आता जमीन. मुंबई शहरात, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत, सात-बारा शोधू नका. इथे कॅडस्ट्रल सर्वे नंबर चालतो, बोलीत सी.एस. नंबर. तोही नुसता नाही, "सी.एस. नंबर अमुक, माहीम डिव्हिजन" असा पुरा लागतो, कारण तोच आकडा माटुंगा डिव्हिजनमध्येही असतो. उपनगरांत सी.टी.एस. नंबर, तो वेगळा. या दोहोंची गल्लत झाली की अर्ज हमखास परत येतो.

नंबर मिळवायला पालिकेच्या विकास आराखड्याचा ऑनलाइन नकाशा उघडा, बागेवर टिचकी मारा. बागेचा नंबर दिसला नाही तर लगतच्या दोन इमारतींचे नंबर घ्या, त्यांच्या मालमत्ता पत्रकाच्या नकाशात मधला तुकडा सापडतो. मग शहर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रकाचा उतारा आणि नकाशाची प्रत मागवा. उताऱ्यात तीन गोष्टी आधी बघायच्या : धारक कोण, धारणेचा प्रकार काय (म्हणजे जमीन कोणत्या अटीवर धरलेली), आणि फेरफारांच्या, म्हणजे नावबदलाच्या नोंदींच्या, तारखा.

धारणेचा प्रकार हा मुंबईच्या उताऱ्यातला सर्वात बोलका रकाना आहे आणि बहुतेक जण त्यावरून नजर फिरवून पुढे जातात. "टोका" लिहिलं असेल तर ती मुळात भाताची जमीन, सारा धान्याच्या हिश्शाने घेतला जायचा. "फोरास" असेल तर सखल, खारं पाणी शिरणारी, बांध घालून लागवडीखाली आणलेली. जुन्या इंग्रजी दस्तांत माडांच्या वाडीला "ओर्ट" म्हणत, हा शब्द पोर्तुगीजांकडून आलेला. तो कुठे दिसला तर वाडीवाल्यांचं पारडं जड झालं समजा.

---

नकाशेवाला

वर सांगितलंय त्यात भर.

उतारा घेताना जमीन तीनपैकी कोणत्या वाटेने पालिकेकडे आली ते ठरवा. पुढची सगळी शोधाशोध त्यावर अवलंबून आहे.

पहिली वाट इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, म्हणजे शहर सुधारणेसाठी नेमलेली संस्था. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये ट्रस्ट स्थापन झाला, १९३३ मध्ये पालिकेत विलीन झाला. दादर-माटुंग्याची आखीव वसाहत, पारशी कॉलनी, पाच बागा, हे सगळं त्याचं काम. जमीन ट्रस्टची असेल तर १९३३ च्या आधीचं काहीही पालिकेच्या ठरावांत मिळणार नाही, कितीही पानं उलटा. तिथे ट्रस्टचे छापील वार्षिक अहवाल बघायचे आणि पालिकेत उद्यान खात्याऐवजी मालमत्ता खात्याकडे जायचं. उताऱ्यावर "इस्टेट" आणि प्लॉट नंबर असला की ही वाट.

दुसरी वाट नगररचना योजना, म्हणजे टी.पी.एस. कायदा १९१५ चा. यात सगळ्या मालकांच्या वेड्यावाकड्या जमिनी एकत्र करून नव्याने आखायच्या, रस्ते आणि बागा काढायच्या आणि उरलेलं परत वाटायचं. म्हणून इथे दोन नंबर असतात, मूळ भूखंड आणि अंतिम भूखंड. लोक अंतिम भूखंडाचा नंबर घेऊन जुना मालक शोधत बसतात आणि तो सापडत नाही. योजनेच्या पुस्तकात एक तक्ता असतो, त्यात मूळ नंबर, मालक, क्षेत्र आणि समोर अंतिम नंबर. आधी तो तक्ता. माहीमच्या बाजूला ही वाट निघण्याची शक्यता बरीच.

तिसरी वाट विकास आराखड्यातलं आरक्षण. मुंबईचा पहिला आराखडा १९६७ पर्यंत मंजूर झाला, दुसरा १९९१ पासून विभागवार, सध्याचा २०३४ चा २०१८ मध्ये. तिन्हींचं तुमच्या भागाचं पान शेजारी शेजारी ठेवा. इथे एकच चूक वारंवार होते : आराखड्यात हिरवा रंग दिसला की "तेव्हा बाग होती" असं लिहून मोकळं होतात. हिरव्यातही दोन प्रकार असतात, अस्तित्वात असलेली बाग आणि बागेसाठी राखून ठेवलेली जागा. सूची वाचल्याशिवाय निष्कर्ष नको. राखीव जागेवर पुढची तीस वर्षं गोदाम उभं असू शकतं. करमणुकीच्या मोकळ्या जागेला आर.जी. आणि खेळाच्या मैदानाला पी.जी. अशी अक्षरं असतात, तीही नोंदवा. पी.जी. असलेल्या जागेवर नंतर झाडं लावून बाग केलेली असली तर तो बदल इतिहासाचाच भाग.

तळ्याचं उत्तर नकाशातच मिळेल. मुंबईची पहिली बारीक मोजणी कर्नल लॉटन यांनी १८६५ ते १८७२ मध्ये केली. तिच्या नकाशांच्या पत्र्यांवर, म्हणजे तावांवर, तळी, विहिरी दाखवलेल्या आहेत. त्या मोजणीत तळं नाही आणि नंतरच्या कॅडस्ट्रल पत्र्यातही नाही, तर तळं नव्हतं असं बऱ्याच खात्रीने म्हणता येईल. मोठी विहीर असली तर तिलाच पुढच्या पिढीने तळं केलेलं असतं. शहरात तळी बुजवून मैदानं झाली हे खरंच, गवालिया टँक त्यातलंच, तळं गेलं आणि नाव राहिलं. पण म्हणून प्रत्येक बागेखाली तळं नसतं.

आकाशातून बघायचं असेल तर : गूगल अर्थच्या संगणकावरच्या आवृत्तीत घड्याळाचं चिन्ह आहे, त्याने साधारण २००० पर्यंत मागे जाता येतं. त्याच्याही मागे जायचं तर अमेरिकेच्या कोरोना हेरउपग्रहांची १९६० ते १९७२ ची चित्रं खुली झालेली आहेत, यू.एस.जी.एस. (अमेरिकेची भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्था) च्या अर्थ एक्सप्लोरर या संकेतस्थळावर. आधी कोणी स्कॅन करून घेतलेली पट्टी फुकट उतरते, नसेल तर ३० डॉलर. शेवटच्या कॅमेऱ्यांची चित्रं दोन मीटरच्या आसपासच्या बारकाव्याची आहेत, झोपाळा दिसणार नाही, पण मोकळी जागा, झाडी आणि छपरं वेगळी ओळखता येतात. पट्टीच्या टोकांना चित्र ताणलं जातं, म्हणून शक्यतो तुमची जागा मध्यभागी येईल अशी पट्टी निवडा. पावसाळ्यातली घेऊ नका, ढगच मिळतील.

---

अर्जफाटे

माहिती अधिकाराचं मी लिहितो, कारण याच टप्प्यावर बहुतेकांचे दोन महिने वाया जातात.

"आमच्या बागेचा इतिहास कळवावा" असा अर्ज केला तर "माहिती उपलब्ध नाही" हे उत्तर ठरलेलं, आणि ते कायद्याने बरोबरही आहे. कायदा अभिलेखात असलेला कागद देतो, कोणी बसून इतिहास लिहून देत नाही. म्हणून कागदाचं नाव घेऊन मागा :

"सी.एस. नं. ___, ___ डिव्हिजन येथील मनपा उद्यानाबाबत : (१) जागेचा ताबा घेतल्याची ताबा पावती, (२) उद्यान खात्याच्या मालमत्ता नोंदवहीतील या उद्यानाच्या पानाची प्रत, (३) नामकरणाचा व नाव बदलाचा महापालिका किंवा समिती ठराव, क्रमांक व दिनांकासह, (४) १९९४ च्या कामाची मंजुरी टिपणी व आराखडा."

चौथा मुद्दा मुद्दाम. त्या टिपणीत "नूतनीकरण" की "नवीन उद्यान" हा शब्द काय आहे, त्यावर कोनशिलेचा निकाल लागतो.

महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. वरचा मजकूर त्यात बसतो, पण "तसेच बागेतले दिवे का बंद आहेत" हे त्यात घुसडलंत तर विषय दोन झाले. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प लावला तरी चालतो, ऑनलाइनही भरता येतं. प्रती पानाला २ रुपये, मोठ्या नकाशाचा खर्च वेगळा कळवतात. मुदत ३० दिवस. विषय दुसऱ्या खात्याचा असेल तर त्यांनी कलम ६(३) खाली ५ दिवसांत तिकडे पाठवायचा असतो, "आपण मालमत्ता खात्याकडे अर्ज करावा" असं सांगून परत करायचा नसतो. उत्तर नाही आलं किंवा अपुरं आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प.

अर्जाच्या शेवटी एक ओळ हवीच : "प्रती देण्यापूर्वी संबंधित नस्तीचे अवलोकन करू द्यावे." नस्ती म्हणजे फाइल, ती हातात आली की न मागितलेले कागद दिसतात, आणि इतिहास बहुतेकदा त्यातच असतो.

"नस्ती आढळून येत नाही" आलं तर तिथे थांबू नका. कचेरीत कागद वर्गवारीने ठेवतात. अ वर्ग कायमचा, खालचे वर्ग ठराविक वर्षांनी नष्ट करतात. निविदा, बिलं अशी गेलेली असणार, त्यावर भांडू नका. पण ठराव आणि मालकीचे कागद कायम राहायला हवेत. नष्ट केलं म्हणत असतील तर नष्ट केलेल्या अभिलेखांच्या नोंदवहीतल्या त्या नोंदीची प्रत मागा. ती मागितल्यावर कधी कधी नस्तीच सापडते.

तुमचा भाग जी उत्तर विभागात येतो, तेव्हा उद्यानाचा अर्ज तिथल्या कार्यालयात. ठरावांसाठी मात्र मुख्यालयातलं चिटणीस खातं. एकाच अर्जात दोन्ही मागून हस्तांतरावर अवलंबून राहण्यापेक्षा १० रुपये जास्त घाला आणि दोन अर्ज करा.

---

वाडीतला_माड

कागदाचं झालं. जागेवरचं कोणी बोललं नाही म्हणून.

पाच ताड म्हणालात. ते कसे उभे आहेत? बागेच्या वाटेला किंवा कुंपणाला समांतर ओळीत असतील तर बागेबरोबर लावलेले. वाटेशी काही संबंध नसेल, एखादा भलत्याच जागी आणि वाटच त्याला वळसा घालून गेलेली असेल, तर झाड आधीचं आणि बाग नंतरची. माहीमचा हा सगळा पट्टा माडाताडांचा होता, ताडी काढायचं काम भंडाऱ्यांचं. खोडावर चढण्यासाठी पाडलेल्या खाचा असतील तर फोटो काढून ठेवा, त्या झाडाचा आधीचा उपयोग सांगतात.

ताडाच्या घेरावरून वय काढायला जाऊ नका. ताड-माडाचं खोड वडापिंपळासारखं वर्षागणिक जाड होत नाही, त्याला वर्षकडीही नसते. पर्जन्यवृक्षाचं उलट : तो इतका भराभर फुगतो की चाळीस वर्षांचं झाड बघून लोक "शंभर वर्षांचं" म्हणतात. तो मूळचा अमेरिकेच्या उष्ण भागातला, गुलमोहर मादागास्करचा. दोन्ही माणसाने आणून लावलेले, म्हणून ती झाडं लागवडीचा पुरावा, जुन्या वाडीचा नव्हे. घेर मोजायचाच तर जमिनीपासून १.३७ मीटरवर टेप गुंडाळा आणि पालिकेच्या वृक्षगणनेतला आकडा शेजारी लिहा. १९७५ च्या वृक्ष कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार ५० वर्षं किंवा जास्त वयाचं झाड वारसा वृक्ष ठरतं, तेव्हा वयाचा आकडा फलकावर बेधडक लिहू नका. त्याला कायदेशीर अर्थ आहे.

ज्येष्ठांशी बोलताना "कोणत्या साली?" हा प्रश्न टाळा. साल कोणाच्याच लक्षात नसतं आणि विचारलं की माणूस गोल आकडा देतो. त्याऐवजी खुणा द्या. ट्राम चालू असताना बाग होती का? (शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४, बोरीबंदर ते दादर.) संयुक्त महाराष्ट्राच्या सभा शिवाजी पार्कला होत तेव्हा? ७१ च्या ब्लॅकआऊटमध्ये? घरात टीव्ही आला तेव्हा? (मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२.) दोन-तीन खुणांच्या मध्ये गोष्ट अडकली की पाच-सात वर्षांची चौकट मिळते. प्रत्येकाला एकेकट्याने विचारा. चार जण कट्ट्यावर एकत्र बसले की सर्वात मोठ्या आवाजाची आठवण सगळ्यांची होते.

---

दफ्तरदार

वर्तमानपत्रांबद्दल एक. मराठी वर्तमानपत्रांचे जुने अंक शब्द टाकून शोधता येतील या भरवशावर राहू नका, पान पान बघावं लागतं. म्हणून आधी ठरावाची तारीख मिळवा आणि मग तिच्या पुढचे-मागचे आठ-आठ दिवस चाळा. उलट क्रमाने गेलात तर महिनाभर धूळ खाल. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग तुम्हाला पायी अंतरावर आहे, तिथून सुरुवात करा. इंग्रजी वर्तमानपत्रं शोधताना रस्त्यांची जुनी नावं लागतील : सावरकर मार्ग म्हणजे केडेल रोड, दादरच्या आंबेडकर मार्गासाठी व्हिन्सेंट रोड. आजच्या नावाने शोधलंत तर १९५० च्या आधीचं काहीही हाती लागणार नाही.

---

पारिजात_दादर

सगळ्यांचे आभार. उतारा आला. धारणा "टोका", क्षेत्र १,२१० चौरस वार, पालिकेच्या नावाचा फेरफार १९५८ चा. दोन शंका. टोका म्हणजे भाताचं शेत, मग तळं आणि वाडी दोन्ही पक्ष बाद का? दुसरं, उद्यान खात्याच्या यादीत बागेचं क्षेत्र ९०० चौरस मीटर आहे. जागा कुणी बळकावली का?

---

नकाशेवाला

आधी एकक जुळवा. १ चौरस वार = ०.८३६ चौरस मीटर, तेव्हा १,२१० चौरस वार म्हणजे सुमारे १,०१२ चौरस मीटर. (१२१ वारांचा एक गुंठा, तुमची जागा बरोबर दहा गुंठे भरते.) म्हणजे खरी तूट ११२ चौरस मीटरची. ती बळकावलेली असण्यापेक्षा रस्तारुंदीत गेलेली असण्याची शक्यता जास्त. १८८८ च्या पालिका कायद्यातल्या कलम २९७ खाली रस्त्याची नियमित रेषा आखतात, त्यात पुढची पट्टी जाते. उताऱ्याबरोबरच्या नकाशावर बागेची रस्त्याकडची बाजू मोजा. ती बाजू ३७ मीटर असेल तर ३ मीटरची पट्टी गेली की १११ झाले, हिशेब तिथेच संपला. तसं नसेल तर विभाग कार्यालयातून रस्त्याच्या नियमित रेषेचा नकाशा मागा. पंप, चौकी किंवा शौचालय बागेच्या यादीतून वगळलेलं असतं, तेही मोजून घ्या.

---

दफ्तरदार

टोक्याबद्दल : धारणा ही सारा ठरला त्या वेळची स्थिती सांगते, बाग होण्याच्या आदल्या दिवसाची नाही. भाताच्या शेताच्या बांधावर माड असायचे, पुढे शेती सुटल्यावर तिथे वाडीही झालेली असू शकते. तेव्हा वाडीवाले बाद नाहीत. तळेवाल्यांचं मात्र कठीण दिसतंय, तरी लॉटनचा पत्रा बघेपर्यंत निकाल देऊ नका. भातखाचरात पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचतं आणि लहान मुलाच्या आठवणीत ते तळंच असतं.

१९५८ चा फेरफार म्हणजे जागा पालिकेच्या नावावर चढल्याची तारीख. बाग तेव्हाच झाली असं लिहू नका. फलकासाठी सध्या एवढं पक्कं धरा : "भातशेतीच्या धारणेची जमीन, १९५८ मध्ये पालिकेच्या नावे नोंद." बाग केव्हा आणि आधीचं नाव काय, यासाठी ठरावाचा अर्ज गेलाय का? नसेल तर त्यात १९५८ ते १९७० असा कालावधी घाला, चिटणीस खात्याला बारा वर्षांची अनुक्रमणिका चाळणं शक्य आहे, शंभर वर्षांची नाही.